मदतीची नोंदवही कोणाकडे?

जानेवारी २००५ मध्ये तमिळनाडूतील नागपट्टिणम जिल्ह्याच्या किनारी भागात गेलेल्यांना एक दृश्य हमखास दिसे. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले असत. ट्रक भरभरून आलेले ते कपडे तिथल्या लोकांना नको होते. सर्वस्व गमावलेल्या माणसालाही दुसऱ्याने टाकून दिलेले वस्त्र अंगावर घालावेसे वाटत नाही. ते ढीग उचलणे हेच प्रशासनापुढचे एक स्वतंत्र काम होऊन बसले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या एका जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. भारताच्या मुख्य भूमीवर सर्वाधिक हानी इथेच झाली, आणि मदतीचा ओघही साहजिकच इथे वळला. मात्र त्याच दिवसांत किनाऱ्यापासून थोडे आत राहणारे शेतमजूर, मिठागरांवर राबणारे कामगार आणि दलित वस्त्यांतील कुटुंबे यांतील अनेकांच्या वाट्याला त्या ओघातले फारसे काही आले नाही.

मदत कमी पडली म्हणून हे घडले, असे म्हणता येणार नाही. पैसा होता, माणसे होती, सद्भावनाही होती. कोणत्या वस्तीत कोण पोहोचले आहे, काय घेऊन पोहोचले आहे आणि कोणाकडे अद्याप कोणीच गेलेले नाही, ही माहिती एका जागी मिळत नव्हती. आपल्याकडे समन्वय म्हटले की जिल्हाधिकारी कार्यालयातील बैठक डोळ्यांसमोर येते. चहा होतो, प्रत्येक संस्था आपल्या कामाचा आढावा देते, इतिवृत्त तयार होते. माझ्या मते समन्वयाची कसोटी बैठकीत लागत नाही. सर्वांना पाहता येईल, सर्वांना भरता येईल आणि कोणालाही दडवता येणार नाही अशी मदतीची एक नोंदवही जिल्ह्यात आहे का, आणि तिच्यातील कोरा रकाना भरण्याची जबाबदारी कोणावर आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरात ती लागते.

नागपट्टिणमने या प्रश्नांचे उत्तर त्या वेळी पुष्कळ अंशी शोधले, म्हणून तो अनुभव आजही महत्त्वाचा ठरतो. लाट आल्यानंतर आठवड्याभरातच, १ जानेवारी २००५ रोजी, स्वयंसेवी संस्थांचे समन्वय केंद्र जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात सुरू झाले. जिल्ह्यातील मच्छीमार स्त्रियांमध्ये आधीपासून काम करणारी ‘स्नेहा’ ही संस्था आणि दक्षिण भारतातील मच्छीमार सोसायट्यांचा महासंघ यांनी त्यात पुढाकार घेतला. जिल्हा प्रशासनाने जागा दिली आणि त्याहून मोलाचे म्हणजे कान दिले. बाहेरून येणाऱ्या संस्थेने आधी या केंद्रात यावे, नोंद करावी, कोणत्या गावात कशाची निकड आहे ते समजून घ्यावे आणि मग कामाला लागावे, अशी रीत पडली. पुढे गावपातळीवर माहिती केंद्रेही उभी राहिली. सरकारी आदेश गावकऱ्यांना समजेल अशा भाषेत तिथे मिळू लागले आणि गावकऱ्यांची तक्रार उलट वाटेने जिल्ह्यापर्यंत जाऊ लागली. राज्य सरकारनेही जानेवारी २००५ मध्येच घरबांधणीत स्वयंसेवी संस्थांना भागीदार करून घेणारा आदेश काढला.

या प्रयोगाची मर्यादाही झाकू नये. केंद्राला माहिती देता येत होती. नको असलेली मदत नाकारण्याचा अधिकार त्याला नव्हता. देणगीदारांना नौका वाटणे आवडते. नव्याकोऱ्या नौकेचे छायाचित्र चांगले येते आणि हिशेबही सुटसुटीत राहतो. परिणामी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फायबरच्या नौकांची संख्या त्सुनामीपूर्वीच्या संख्येपेक्षा अधिक झाली आणि आधीच ताणलेल्या मासळीसाठ्यावर तिचा भार पडला. दुसरीकडे, मच्छीमारांच्या पारंपरिक पंचायतींमार्फत जे वाटप झाले ते त्यांच्या सभासद कुटुंबांत बहुतांशी समान झाले. पण जे त्या पंचायतीचे सभासदच नव्हते त्यांचा त्या समानतेत समावेश नव्हता. स्थानिक व्यवस्थेवर विश्वास ठेवावा, हे खरे. परंतु तिच्या यादीत कोण नाही, हे विचारणारे कोणीतरी तिच्याबाहेर असावे लागते.

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या सेवाकाळातील एका पुराच्या वेळी दानशूर मंडळींचे ट्रक डांबरी रस्ता जिथवर होता तिथवर येत आणि तिथेच रिकामे होत. रस्त्याकाठच्या गावांत धान्याच्या पिशव्या एकीवर एक चढल्या. ओढ्यापलीकडच्या एका पाड्यावर पाचव्या दिवशी आमचा तलाठी पोहोचला, तेव्हा तिथे तांदळाचा दाणाही गेला नव्हता. माझ्या मेजावर त्या दिवशी वाटपाचे आकडे होते आणि ते समाधानकारक होते. एकूण पिशव्या एकूण कुटुंबांपेक्षा जास्तच भरत होत्या. त्या बेरजेने पाडा झाकला गेला. दोष ट्रकवाल्यांचा नव्हता. गावनिहाय नोंद ठेवणे हे माझ्या कार्यालयाचे काम होते आणि आम्ही बेरजेवर समाधान मानले.

शासन आणि खासगी दातृत्व यांची कामे कशी वाटून घ्यावीत, हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात धर्मादाय मदतनिधी उभा राहिला, तेव्हा त्याने आपल्या खर्चाची चार प्रयोजने आखून घेतली. सरकारी मदतीवर जगणाऱ्या आजारी, वृद्ध व बालकांना थोडी अधिकची सोय, अनाथांचा सांभाळ, लोकलज्जेपोटी सरकारी कामावर न येणाऱ्या गरजूंना आधार, आणि सर्वस्व गेलेल्या शेतकऱ्याला बैल-बियाणे देऊन पुन्हा उभे करणे. जीव वाचवणे हे सरकारचे कर्तव्य आणि त्यापुढचे काम दानाचे, अशी ही विभागणी होती. वसाहती सरकारने आपला वाटा किती कंजूषपणे उचलला आणि त्याची किंमत किती लाखांनी मोजली, हे इतिहासाचा विद्यार्थी विसरू शकत नाही. पण दान कोठे सुरू होते आणि कर्तव्य कोठे संपते हे आधीच लिहून ठेवण्यातला शहाणपणा त्यामुळे रद्द होत नाही.

दुसरा दाखला १९३४ चा. १५ जानेवारीच्या भूकंपाने उत्तर बिहार उद्ध्वस्त झाला, तेव्हा राजेंद्र प्रसाद सरकारचे कैदी होते. दोन दिवसांनी त्यांची सुटका झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली बिहार मध्यवर्ती मदत समिती उभी राहिली. दुसऱ्या बाजूला व्हाइसरॉयचा स्वतंत्र मदतनिधी होता. सविनय कायदेभंग अद्याप औपचारिकरीत्या मागे घेतला गेला नव्हता. तरीही मार्चमध्ये पाटण्यातील बैठकीत गांधीजींनी मदतकार्यापुरते सरकारशी आदरपूर्वक सहकार्य करण्याचा ठराव मांडला. समितीच्या हिशेबाची जबाबदारी जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती आणि त्यांची शिस्त नियमाला अपवाद मानणारी नव्हती. एकमेकांना न मानणारे दोन पक्ष ढिगाऱ्यापाशी एकत्र काम करू शकतात. त्यासाठी कामाची हद्द स्पष्ट आणि हिशेब उघडा असावा लागतो, एवढे या उदाहरणातून निश्चित होते.

अलीकडच्या काळात कच्छने हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने दाखवली. १९९८ च्या चक्रीवादळानंतर तिथल्या संस्थांनी ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ हे जाळे उभारले होते. त्यामुळे २६ जानेवारी २००१ रोजी भूकंप झाला, तेव्हा संस्थांची एकमेकांशी ओळख नव्याने करून द्यावी लागली नाही. अभियानाने गावांच्या गटांसाठी ‘सेतू’ केंद्रे सुरू केली. गावाची गरज वर कळवणे आणि शासनाचे धोरण गावापर्यंत नेणे, हे त्यांचे काम होते. आपत्तीच्या दिवशी समन्वय जन्माला येत नाही, तो आधीच्या वर्षांत रुजलेला असावा लागतो, हे कच्छने सिद्ध केले. ओडिशाचा प्रवासही तसाच आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच वर्षअखेरीस राज्याने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापले. २०१३ मध्ये फायलिन आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना वेळेत हलवता आले आणि जीवितहानी काही डझनांवर थांबली.

मग कायदा काय म्हणतो? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले आणि लोकनिर्वाचित स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीला सहअध्यक्षपद दिले. कलम ३४ तर स्पष्टच सांगते की स्वयंसेवी संस्थांचे काम समन्याय्य आणि भेदभावरहित राहील हे प्राधिकरणाने पाहावे. अधिकार आहे, कर्तव्यही आहे. पण कोणत्या संस्थेने कोठे काय केले याची नोंदच नसेल, तर भेदभाव झाला की नाही हे ठरवायचे कशावरून? काही राज्यांत संस्थांचे आंतरसंस्था गट आहेत. अनेकदा मात्र त्यांचे बळ एखाद्या उत्साही कार्यकर्त्यावर किंवा सहृदय जिल्हाधिकाऱ्यावर अवलंबून असते. ती व्यक्ती बदलली की व्यवस्था विरते.

यात पैशाचाही एक पेच आहे. विदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे देण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. गैरव्यवहारावर नजर ठेवण्याचा सरकारचा अधिकार मला मान्य आहे. परंतु आपत्तीत पैसा मोठ्या शहरातील संस्थेकडे येतो आणि गावाची ओळख छोट्या स्थानिक संस्थेला असते. त्या दोहोंमधला मार्गच बंद झाला, तर मोठी संस्था अनोळखी गावात स्वतः उतरते. शिवाय नोंदी ठेवणारा, फोन उचलणारा, गावोगाव फिरून रिकामा रकाना शोधणारा माणूस हिशेबात ‘प्रशासकीय खर्च’ ठरण्याची शक्यता असते. ज्या खर्चामुळे मदत योग्य घरी पोहोचते, तोच खर्च कपातीच्या तोंडी सर्वप्रथम येतो. घोषित आपत्तीच्या काळापुरती, जाहीर हिशेबाच्या अटीवर, या दोन्ही नियमांत सवलत देण्याचा विचार व्हायला हवा.

माझ्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक जिल्हा प्राधिकरणात कायमस्वरूपी समन्वय कक्ष असावा आणि तो महसूल अधिकारी व स्थानिक संस्थांचा प्रतिनिधी यांनी मिळून चालवावा. त्याची नोंदवही गावनिहाय आणि वस्तीनिहाय, राज्याच्या भाषेत आणि सर्वांना खुली असावी. भाषेचा मुद्दा क्षुल्लक नाही. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत संयुक्त राष्ट्रांच्या तळावर समन्वयाच्या बैठका मुख्यतः इंग्रजीत होत आणि हैतीतील संस्थाच त्यांबाहेर राहत. गरज नसलेली मदत नम्रपणे परत पाठवण्याचा किंवा अन्यत्र वळवण्याचा अधिकार या कक्षाला असावा. आणि दर आठवड्याला त्याने झालेल्या कामाच्या यादीसोबत, जिथे कोणीच पोहोचलेले नाही अशा वस्त्यांची यादी प्रसिद्ध करावी. तंत्रज्ञानाची अडचण उरलेली नाही. २०१८ च्या पुरात केरळमध्ये स्वयंसेवक तंत्रज्ञांच्या साहाय्याने मदतीच्या विनंत्या नोंदवणारे संकेतस्थळ अल्पावधीत उभे राहिले होते. २०२५ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर आपत्तीविषयक माहितीसंच तयार करण्याची तरतूद झाली आहे. स्वयंसेवी कामाची नोंद त्याचाच भाग करता येईल.

यावर आक्षेप येतील. संस्था म्हणतील, नोंदवहीच्या नावाखाली सरकार आम्हाला वेसण घालील. ही भीती निराधार नाही. म्हणूनच नोंद ही परवानगी ठरता कामा नये. सांगणे बंधनकारक असावे, पण विचारणे आवश्यक नसावे. प्रशासन म्हणेल, कोरे रकाने जाहीर केले तर आमच्यावर टीका होईल. होईल, आणि ती व्हावी. त्या पुरात पाचव्या दिवसाऐवजी पहिल्या दिवशी कोणी माझ्यावर टीका केली असती, तर ओढ्यापलीकडच्या लोकांचे चार दिवस वाचले असते.

आपत्ती येते तेव्हा हा देश हात आखडता घेत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. देणाऱ्यांना एवढीच विनंती करावीशी वाटते की देण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: या जिल्ह्याची नोंदवही कोणाकडे आहे? आणि पावसाळा सुरू होण्याआधी, एखाद्या कोरड्या, निवांत दिवशी, प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने हाच प्रश्न स्वतःला विचारावा.