छाती उघडायची की छिद्रे पाडायची?

मुखेडहून नांदेड, तिथून रात्रभराच्या रेल्वेने मुंबई. परळच्या टाटा रुग्णालयात डॉक्टर म्हणतात, "छाती उघडावी लागेल." घरचे हबकतात. शेजारच्या गावच्या पाव्हण्याचे तर छिद्रातून झाले!

आत काढायचे ते एकच : कर्करोगाची गाठ असलेला फुप्फुसाचा कप्पा आणि भोवतीच्या रसग्रंथी. फरक वाटेचा. उघड्या शस्त्रक्रियेत बरगड्या फाकवतात. छिद्राच्या पद्धतीत लहान चिरांतून दुर्बीण व हत्यारे जातात, म्हणून दुखते कमी, माणूस लवकर हिंडू-फिरू लागतो. ब्रिटनमधील ५०३ रुग्णांच्या चाचणीत (प्रसिद्धी २०२२) छिद्रवाले साधारण चार दिवसांत घरी गेले, उघडेवाले पाच. गाठ पुरती निघण्यात फरक दिसला नाही.

मात्र आपल्याकडे जुना क्षय होऊन गेलेली माणसे पुष्कळ. त्यांचे फुप्फुस कधी छातीला आतून चिकटलेले असते. गाठ मोठी किंवा रक्तवाहिनीला बिलगलेली असली तरी छिद्रातून काम अवघड. तिथे उघडणेच बरे. छिद्रातून सुरुवात करून मध्येच छाती उघडली, तर डॉक्टर चुकला असे समजू नका.

सहीआधी एवढे विचारा : गाठ कितपत पसरली आहे, आणि उरलेल्या फुप्फुसावर आमचा माणूस शेतात चालू शकेल का? आणि बिडी त्याच दिवशी सुटली पाहिजे, ऑपरेशनच्या आदल्या रात्री नव्हे.