तयारी टूरवाल्यांवर सोडता येत नाही

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या बोरीच्या स्टँडवर परदेशाची गोष्ट निघाली तर आता कुणाला नवल वाटत नाही. पुण्यातल्या मुलाला कंपनीनं अमेरिकेला पाठवलं म्हणून आईवडील तिकडं राहून येतात, निवृत्त गुरुजी आणि बाई जोडीनं सिंगापूर करतात, एखाद्या वर्षी पीक साधलं तर चार मित्र मिळून थायलंड गाठतात. जावं, जरूर जावं. माझा वाद जाण्याशी नाही. वाद आहे तो जाण्याआधी सर्रास ऐकू येणाऱ्या एका वाक्याशी: ‘पैसे भरले ना, मग सगळं टूरवाले बघतील.’ मुलाकडं जायचं असेल तर टूरवाल्यांच्या जागी मुलगा येतो, बाकी वाक्य तेच.

या म्हणण्यामागं कारणं आहेत आणि ती नीट ऐकून घेतली पाहिजेत. अर्ज ऑनलाइन, भाषा इंग्रजी, नियम सतत बदलणारे. १ मे २०२५ पासून थायलंडनं परदेशी प्रवाशांना येण्याआधी डिजिटल आगमनपत्र भरणं सक्तीचं केलं. हे गावात बसून कुणाला कसं कळावं? जो माणूस रोज हेच काम करतो त्याच्यावर ते सोपवणं रास्तच आहे. तिकीट, हॉटेल, बस, जेवण इथपर्यंत हा पक्ष मला मान्य आहे. त्यापुढं मात्र तो टिकत नाही. इमिग्रेशनच्या खिडकीपुढं ज्याचं त्यालाच उभं राहावं लागतं, आणि बॅगेत काय आहे याचा जबाब बॅग ज्याच्या नावावर आहे त्यालाच द्यावा लागतो. तिथं टूर मॅनेजरला मध्ये पडता येत नाही.

खसखशीचंच घ्या. दिवाळीचे अनारसे खसखशीवर थापायचे, बाळंतिणीच्या लाडवात खसखस घालायची, ही आपल्या घरातली साधी रीत. तीच खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात बंदीच्या मालात मोडते, कारण ती अफूच्या बोंडातलं बी आहे. लेकीच्या बाळंतपणाला दुबईला निघालेली आई लाडवांचा डबा भरते तेव्हा तिच्या मनात काही वाईट नसतं; पण विमानतळावर तपासणी होते ती डब्याची. औषधांचंही तसंच. इकडं दुखण्यावर किंवा खोकल्यावर लिहून मिळणाऱ्या काही औषधांत ट्रामाडॉल किंवा कोडीन असतं, आणि अमिरातीत त्यांच्यावर कडक नियंत्रण आहे. सिंगापुरात चघळायची तंबाखू नेणंच बेकायदा आहे, आणि तंबाखू-चुन्याची डबी आपल्याकडं किती खिशांत असते ते वेगळं सांगायला नको. तुमच्या खिशात आणि गोळ्यांच्या पुडीत काय आहे हे टूरवाल्याला कुठून कळणार? ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं. म्हणून गोळ्या मूळ पाकिटात घ्याव्यात, डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ रासायनिक नावासह मागून घ्यावी, आणि साखरेचं इंजेक्शन हातातल्या बॅगेतच ठेवावं.

‘आम्ही कमी शिकलेले, आम्ही काय तयारी करणार’ असंही म्हटलं जातं. याचं उत्तर परभणी जिल्ह्यातच आहे. इथून दरवर्षी लोक हजला जातात. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांचं विमान, मुक्काम, बस सगळं कमिटीच ठरवते. तरीही ती यात्रेकरूला तसंच विमानात बसवत नाही. आधी प्रशिक्षण शिबिरं होतात, मेंदूज्वराची लस घ्यावीच लागते, सामान किती न्यायचं, गर्दीत वाट चुकली तर काय करायचं, उन्हात कसं जपायचं हे समजावून सांगितलं जातं. जाणाऱ्यांत साठी ओलांडलेली, पहिल्यांदाच विमानात बसणारी माणसं असतात. ती शिकतात आणि चाळीसेक दिवसांचा प्रवास पार पाडून येतात. व्यवस्थेबाहेर राहिलं की काय होतं तेही हजमध्येच दिसलं. जून २०२४ च्या हजमध्ये भयंकर ऊन पडलं. सौदी सरकारनंच सांगितलेला मृतांचा आकडा १,३०१ आहे, आणि त्यातले ८३ टक्के लोक परवान्याशिवाय आलेले, म्हणजे निवारा आणि वाहनांच्या व्यवस्थेबाहेरचे होते. हज ही इबादत आहे, सहल नव्हे, हे मला मान्य. पण परका देश, परकं हवामान आणि म्हातारं शरीर या गोष्टी दोन्हीकडं सारख्याच आहेत.

पैशाच्या बाबतीत तर ‘टूरवाले बघतील’ म्हणणाऱ्याचं सरळ नुकसान होतं. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी टूरच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूर कंपनीनं पैसे घेतानाच गोळा करायचा कर, वसूल केला जातो. ही रक्कम आपल्या पॅनवर जमा होते आणि प्राप्तिकराचं विवरणपत्र भरलं की करात वळती होते किंवा परत मिळते. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून आपल्याकडचे पुष्कळ शेतकरी विवरणपत्र भरतच नाहीत. मग हक्काचे पैसे सरकारकडं पडून राहतात. कंपनीनं तिचं काम चोख केलेलं असतं. परत मागण्याचं काम आपलं असतं.

वेळेचं गणितही आपलं आपल्यालाच मांडावं लागतं. सोयाबीन दसरा-दिवाळीला निघतं, मग कापसाची वेचणी, तूर, हरभरा. हात मोकळे होतात ते एप्रिल-मेमध्ये, म्हणून टूर तेव्हाचीच ठरते. पण अनेक देश पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही सहा महिने शिल्लक मागतात. शाळेच्या टीसीवर एक नाव, आधारवर दुसरं, आणि लग्नानंतर बाईचं नाव तिसरंच, हा घोळ तर घरोघरी. तो मार्चमध्ये लक्षात आला तर मे हातचा जातो. विम्याच्या अर्जावर बीपी आणि साखर लपवू नये. लपवलेल्या आजारावरचा दावा कंपनी नाकारू शकते, आणि युरोपच्या शेंगेन व्हिसाला निदान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच. केनियाला सिंह बघायला जाणाऱ्यानं पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घेतली पाहिजे. दाखला नसेल तर परतल्यावर आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं.

दुसरा पक्ष मला अधिक खटकतो. ‘एवढे पैसे मोजलेत, आता तिथं कसं वागायचं ते आम्ही ठरवू.’ थायलंडमधली माया बे ही चिमुकली खाडी २००० सालच्या एका इंग्रजी चित्रपटामुळं जगभर गाजली आणि रोज हजारो माणसं तिथं उतरू लागली. बोटींच्या नांगरांनी आणि माणसांच्या पायांनी तिथलं प्रवाळ इतकं मोडलं की २०१८ मध्ये सरकारला ती बंद करावी लागली. २०२२ मध्ये उघडली तेव्हा बोटींना आत मज्जाव होता आणि पोहायलाही बंदी. त्या हजारोंतल्या प्रत्येकानं पैसे मोजलेले होते.

आणि प्रवाशामुळं होणारं नुकसान फक्त परक्या देशापुरतं नाही. परतताना सोबत आणलेल्या वस्तूनं आपलंही होऊ शकतं. आपल्या बांधावर माजलेलं गाजर गवत मूळचं इथलं नाही. ते अमेरिका खंडातलं. बाहेरून आलेल्या धान्याबरोबर आलं असं मानतात, आणि १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं. त्यानं किती रानं खाल्ली आणि किती जणांच्या अंगाला खाज आणली ते बोरीच्या शेतकऱ्याला विचारा. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. कृषी विभाग शेतकऱ्यांना अनुदान देऊन परदेशी अभ्यासदौऱ्यावर पाठवतो, ही योजना चांगली आहे. पण तिकडचं टपोरं फळ आणि जोमदार वाण पाहून मूठभर बी खिशात टाकण्याचा मोह शेतकऱ्यालाच होतो. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय बी-रोपं देशात आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानं मनाई आहे. बियाबरोबर येणारी बुरशी डोळ्यांना दिसत नाही. नवं वाण हवंच असेल तर परभणीचं कृषी विद्यापीठ जवळ आहे, तिथं विचारावं.

‘एवढी उठाठेव असेल तर बोरीच्या माणसानं परदेशाच्या नादीच लागू नये’ असं म्हणणाऱ्यांशी मी फार वाद घालत नाही. नातवाला भेटायचा हक्क मुंबईकराला आहे तेवढाच इथल्या आजीला आहे.

मला हवं आहे ते हजच्या शिबिरासारखं एक शिबिर, सगळ्यांसाठी. कापसाची वेचणी ओसरली की जानेवारीतल्या एका रविवारी, शाळेच्या वर्गात. हज करून आलेल्या एखाद्या हाजींनी गर्दी आणि ऊन यांवर बोलावं, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या चिठ्ठ्या तपासून द्याव्यात, कर सल्लागारानं टीसीएस समजावून सांगावा, कृषी सहायकानं बियांचा कायदा सांगावा. येणाऱ्यानं पासपोर्ट, आधार, पॅन आणि रोजच्या गोळ्यांची पिशवी सोबत आणावी. मुलाकडं जाणाऱ्या आज्यांना पुढच्या बाकावर बसवावं, कारण डबे त्याच भरणार आहेत.