भांडण होण्याआधी

तारापूर एमआयडीसीत पाळ्यांवर काम चालते. रात्रपाळी करून आलेला बाप बोईसरच्या खोलीत दिवसा झोपतो आणि भावंडांना एकच हुकूम असतो: आवाज नको. एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि आवेग) असलेल्या मुलाला नेमके हेच सर्वांत कठीण जाते. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज धरला, तर शाळकरी वयातील सुमारे ५ टक्के मुलांना हा त्रास असतो. त्यांना नियम माहीत असतो, पण ऐन वेळी आवेग आवरत नाही. बहिणीने पेन्सिल ओढली की विचाराआधी हात उठतो. म्हणूनच संध्याकाळी न्यायनिवाडा करून दिलेल्या शिक्षेचा फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो आधीच्या तजविजीचा: शाळेतून आल्यावर आधी खाणे, मग अर्धा तास मैदान, दोघांच्या वस्तूंचे वेगळे डबे आणि न भांडता गेलेल्या दहा मिनिटांचे लगेच कौतुक.

‘हे लाडच झाले, मार खाणाऱ्या बहिणीचे काय?’ हा आक्षेप रास्त आहे. आजार म्हणजे मारायची मुभा नव्हे. हात उचलला की आधी ठरलेला छोटा परिणाम तिथल्या तिथे व्हायलाच हवा. पण ‘तू शहाणी, तूच समजून घे’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. तिलाही रोज थोडा वेळ फक्त तिचा द्या. पालघरहून मुंबईच्या तज्ज्ञाकडे जाण्यात दिवसाची मजुरी बुडते, हेही खरे. सल्ल्याची सुरुवात फोनवरून करता येते: ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.