खाजेवरची पहिली चिठ्ठी

धानाची रोवणी सुरू झाली की आमगाव, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या दवाखान्यांत खाजेच्या रुग्णांची रांग लागते. दिवसभर बांधीतल्या पाण्यात वाकून काम, ओले कपडे अंगावरच वाळवायचे. जांघेत नि कमरेवर नायटा पसरतो, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा बहुधा त्याच्या खिशात एक ट्यूब असतेच. क्लोबेटासॉल, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक, तिन्ही एकात. दोन दिवसांत खाज शमते, बुरशी मात्र पसरतच राहते. चट्ट्याची कड पुसट झाल्याने निदान चुकते, मांडीवर कायमचे वळ उमटतात आणि ट्यूब थांबली की खाज जोराने उलटते.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. पण दुकानदाराला बोल लावून भागणार नाही. अशी मिश्रणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही सर्रास असतात, आणि रुग्ण तीच चिठ्ठी घरभर वापरतो.

दरम्यान बुरशीही बदलली. २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळालेली जात अनेकदा टर्बिनाफिनला दाद देत नाही. स्क्वालीन एपॉक्सिडेजच्या जनुकातील बदल हे त्याचे कारण. मग इट्राकोनॅझोलकडे वळावे लागते. त्याच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या, हे रुग्णाला स्पष्ट सांगा. क्षयरोगाचे औषध चालू आहे का, हेही विचारा. रिफाम्पिसिन सुरू असेल तर इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी इतकी घसरते की महिनाभराचा खर्च वाया जातो.

रात्री वाढणारी, घरात अनेकांना असलेली खाज ही खरूज समजून तपासावी. पाच टक्के परमेथ्रिन मानेपासून तळव्यांपर्यंत रात्रभर, आठवड्याने पुन्हा, आणि खाज नसली तरी घरातल्या सर्वांना एकाच दिवशी. नुसत्या सेट्रिझिनने खरूज जात नाही. इसबाची खाजही मुख्यतः हिस्टामिनमुळे नसते, म्हणून तिथेही या गोळीचा फारसा उपयोग नाही. अंगावरच्या पित्ताला मात्र ती हवीच.

इसबासाठी आता ड्युपिलुमॅब आणि जॅक-अवरोधक गोळ्या आल्या आहेत. ड्युपिलुमॅबची किंमत शेतमजुराच्या आवाक्याबाहेरची आहे. जॅक-अवरोधक सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी टाळू नये. या औषधांचे आम्ही मनापासून स्वागत करतो, पण नायट्याला इसब समजून ती दिली गेली तर नुकसान मोठे होईल.

पूर्व विदर्भ हा कुष्ठरोगाचा पट्टा आहे. न खाजणारा चट्टा दिसला तर मलम देण्याआधी संवेदना तपासा. नायट्याची शंका असेल तर चट्ट्याच्या कडेची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात पाहा. मलेरियाच्या रक्तनमुन्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात असलेला सूक्ष्मदर्शक त्याला पुरतो. येत्या रोवणीआधी तीन औषधांचे मिश्र मलम आपल्या चिठ्ठीतून कायमचे काढून टाका, ही जिल्ह्यातल्या प्रत्येक डॉक्टरला आमची विनंती.