नादारीचा अर्ज आणि वकिलाचा सल्ला

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आमच्या व्यापारी वर्गाच्या अंगीं इतकी मुरली आहे कीं, पेढी बुडाली तरी मूठ उघडावयाची नाहीं, असा जणूं त्यानें पणच केला आहे. मंदी येते, उधारी वसूल होत नाहीं, बँकेचे हप्ते थकतात. मग आमचा दुकानदार काय करतो? एक कर्ज फेडण्यासाठीं दुसरें काढतो, घर बायकोच्या नांवें करून देतो, जवळच्या सावकाराचे पैसे गुपचूप भागवितो, आणि जप्ती घेऊन बेलिफ दाराशीं आला म्हणजे वकिलाकडे धांव घेतो. रोग असाध्य झाल्यावर वैद्य बोलावण्यासारखेंच हें आहे.

कायद्यानें ऋणकोस वाऱ्यावर सोडलेलें नाहीं. मुंबई शहरासाठीं १९०९ चा व इतरत्र बहुतेक भागांत १९२० चा नादारीचा कायदा आहे. या दुसऱ्या कायद्यान्वयें, कर्ज फेडण्यास असमर्थ असलेल्या ज्या मनुष्याचें देणें ५०० रुपये वा अधिक आहे, अथवा जो हुकूमनाम्याच्या बजावणींत अटकेंत आहे, किंवा ज्याच्या मालमत्तेवर जप्ती आली आहे, त्यास स्वतः कोर्टांत अर्ज करतां येतो. तो नादार ठरला म्हणजे त्याची मालमत्ता कोर्टाच्या अगर रिसीव्हरच्या ताब्यांत जाऊन धनकोंस हिश्श्यानें वांटली जाते; अंगावरचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं व कारागिराचीं हत्यारें मात्र सुटतात. पुढें मुक्ततेचा हुकूम मिळाला म्हणजे सरकारी देणें, लबाडीनें केलेलें कर्ज असे कांहीं अपवाद वगळतां जुन्या देण्यांचें ओझें उतरतें. केवळ ऐपत नाहीं एवढ्यावरून ऋणकोस तुरुंगांत टाकतां येणार नाहीं, हें तर सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालींच सांगून ठेविलें आहे.

परंतु ही दया प्रामाणिक मनुष्यासाठीं आहे. अर्जापूर्वींच्या दोन वर्षांत योग्य मोबदल्यावांचून दुसऱ्याच्या नांवें केलेली मिळकत रिसीव्हर परत ओढूं शकतो. एका धनकोस झुकतें माप देण्यासाठीं तीन महिन्यांच्या आंत दिलेला पैसाही तसाच. वह्या दडविणारास किंवा खोट्या करणारास एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. मुक्ततेचा अर्ज ठरल्या मुदतींत केला नाहीं, तर नादारीचा हुकूमच रद्द होण्याची पाळी येते. म्हणूनच वकिलाचा सल्ला घ्यावयाचा तो बायकोच्या नांवें खत करण्याच्या आधीं. जातांना रोजकीर्द, खतावणी, धनकोंची व येण्याची यादी, सारें बरोबर न्यावें, आणि वकिलापासून कांहींएक लपवूं नये. फीची ऐपत नसेल त्यानें जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावें. १९८७ च्या कायद्यान्वयें स्त्रियांस, अनुसूचित जाति-जमातींच्या लोकांस व ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असणारांस तेथें मोफत वकील मिळतो.

आमच्या व्यवसायबंधूंसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. 'आधीं मिळकत हलवा, मग अर्ज करूं,' असें सांगणारा वकील अशिलाचा हितकर्ता नव्हे. तो त्यास फौजदारीच्या दारांत नेऊन उभा करतो.

आणि सरकारनें काय केलें? २०१६ सालीं नादारीची नवी संहिता झाली. तींत व्यक्तींसाठीं स्वतंत्र भाग आहे; इतकेंच नव्हे, तर अगदीं गरीब ऋणकोस नव्यानें सुरुवात करतां यावी म्हणून निराळें प्रकरणही आहे. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग अमलांत आला तो कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरता. कोट्यवधींच्या कर्जांसाठीं नवी वाट, आणि किराणा दुकानदारासाठीं १९२० सालची ५०० रुपयांची पायरी, हा न्याय आम्हांस समजत नाहीं. लहान ऋणकोसाठीं सोपी व कमी खर्चाची व्यवस्था करणें हें सरकारचें कर्तव्य होय.

तोंवर व्यापाऱ्यांनीं एवढें तरी ओळखावें कीं, धंदा बसणें ही बेअब्रू नव्हे. अब्रूच्या भयानें गप्प बसून गळफास जवळ करणारांच्या वार्ता आम्हांस छापाव्या लागतात. त्यापेक्षां नादारीच्या अर्जाखालीं केलेली सही शतपटीनें बरी.