कोठीतले बियाणे

वाचकहो, जुलै २०२१ मधला तो आकडा आठवतो? आयसीएमआरच्या चौथ्या सिरो पाहणीत मध्य प्रदेशात शंभरातल्या ७९ जणांच्या रक्तात कोरोनाच्या अँटिबॉडीज सापडल्या, काहींना आजारामुळे, काहींना लशीमुळे. महाराष्ट्रात ५८. रजेगाव ओलांडून गोंदियाला जाणारे आपले लोक तेव्हा थट्टेने म्हणत, 'आम्ही पक्के, तुम्ही कच्चे!' पाहणीच्या ७० जिल्ह्यांत बालाघाट नव्हतेच, हे कोण सांगणार!

आमच्या गल्लीतले एक काकाजी २०२० च्या सप्टेंबरात आजारी पडले. बरे झाल्यावर अँटिबॉडीचा रिपोर्ट काढून सगळ्यांना दाखवला. पाच महिन्यांनी पुन्हा तपासले तर आकडा निम्म्याच्या खाली. 'सगळं गेलं की हो!' म्हणून खचलेच.

आपण धान पिकवणारी माणसे. कापणी झाली की बांधी रिकामी दिसते, म्हणून बियाणे संपले असे कुणी म्हणत नाही. ते कोठीत असते. रक्तातल्या बहुतेक अँटिबॉडीज आजाराच्या वेळी घाईने तयार होतात. त्यांचे आयुष्य काही आठवड्यांचे, म्हणून आकडा आधी झपाट्याने उतरतो, मग हळूहळू. पण त्या बनवणाऱ्या काही पेशी हाडांच्या मगजात ठाण मांडतात. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या शास्त्रज्ञांना सौम्य आजार झालेल्यांत त्या ११ महिन्यांनंतरही सापडल्या. हे २०२१ मध्ये छापून आले. शिवाय विषाणूची ओळख ठेवणाऱ्या पेशी वेगळ्याच. २००३ च्या सार्समधून वाचलेल्यांत अशा टी पेशी १७ वर्षांनी सिंगापूरला आढळल्या.

मात्र कोठी भरलेली म्हणजे पुन्हा लागण होणारच नाही, असे नाही. साधी सर्दी देणारे कोरोना विषाणू वर्षभराने त्याच माणसाला पुन्हा गाठतात. ओमिक्रॉन तर रूप बदलून आला. जुनी ओळख त्याला दारातच अडवू शकत नव्हती, आजार वाढू न देण्यात तिची मदत होई.

बरे झाल्यावर तीन महिन्यांनी लस घ्या, असे सरकारने मे २०२१ मध्ये सांगितले. काकूंनी काकाजींना रांगेत उभे केले. त्यांच्या ऐंशीच्या आईला मात्र 'तुम्हाला होऊन गेला आहे' म्हणून राहू दिले. म्हातारपणी ही कोठी लवकर रिती होते, हे घरात कुणाला ठाऊक नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये दोघेही तापले. काकाजी तिसऱ्या दिवशी अंगणात उन्हाला बसले. आजी पंधरा दिवस दवाखान्यात होत्या. घरी आणल्यावर काकाजींनी डॉक्टरांना पहिला प्रश्न केला, आईला लस कधी द्यायची?