एकाच विहिरीचे पाणी

उपदेश करावयास पैसे पडत नाहीत, म्हणून आपल्याकडे तो दिवाळीच्या फराळाबरोबर हटकून वाढला जातो. त्यातला सर्वांत खपाऊ उपदेश असा, की दहा ठिकाणी खड्डे खणण्यापेक्षा एकाच ठिकाणी विहीर खणावी, म्हणजे पाणी लागते. विहिरीपुरते हे खरे असेल. पण हाच दगड कलावंताच्या गळ्यात बांधला जातो, तेव्हा माझे डोके फिरते. बाज बदलला की तो चंचल; दुसऱ्यांदा बदलला की बाजारू! मी म्हणतो, बदलणारा पुष्कळदा टिकून राहणाऱ्यापेक्षा अधिक एकनिष्ठ असतो. हवेत बोलतो असे कुणी म्हणू नये, म्हणून एका गायिकेची कारकीर्दच पुराव्यादाखल मांडतो.

नेना चेरीचा जन्म १९६४ सालचा, स्टॉकहोमचा. आई मोकी ही स्वीडिश वस्त्रकलावंत. जन्मदाते वडील सिएरा लिओनचे ढोलवादक. आणि जो तिचा खरा बाप झाला तो अमेरिकन ट्रम्पेटवादक डॉन चेरी. १९५९ साली हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये ऑर्नेट कोलमनच्या जोडीला उभा राहिला आणि जॅझच्या रसिकांत उभी फूट पडली. नेहमीच्या जॅझमध्ये कॉर्ड्‌सची क्रमवारी ठरलेली असते व वादकाने त्या कुंपणाच्या आत हुंदडावयाचे असते. या मंडळींनी कुंपणच काढून टाकले. हे संगीत की गोंगाट, यावर पुढे कितीतरी शाई सांडली. हाच डॉन चेरी १९७८ साली पॅरिसमध्ये दिल्ली घराण्याचे तबलावादक लतीफ अहमद खाँ यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण करावयास बसला होता. विहीरवाल्यांनी त्याला काय म्हटले असते, ते मी सांगावयास नको.

अशा घरातली पोर कुठे गेली? तर पंकमध्ये! १९७९ साली डॉन चेरी ‘द स्लिट्‌स’ या मुलींनी काढलेल्या पंक बँडबरोबर ब्रिटनभर हिंडला, तेव्हा पंधरा वर्षांची नेना त्याच्याबरोबर होती. पुढे ती लंडनकरच झाली. आता कुणी विचारील, पंकचा आणि त्या कुंपणमोड्या जॅझचा संबंध काय? एकात आयुष्यभराची तालीम, दुसऱ्यात हातात गिटार आली की चार दिवसांनी रंगमंच! पण नीट ऐका. पंक म्हणते, येत नसले तरी वाजव. तो जॅझ म्हणतो, येते आहे ते विसरून वाजव. परवानगीची वाट दोघेही पाहत नाहीत. ‘रिप रिग अँड पॅनिक’ या तिच्या पथकाने हे नाते उघडपणे मिरवले. पंकच्या धामधुमीतून आलेल्या या तरुणांनी आपले नाव घेतले ते रोलंड कर्क या जॅझवादकाच्या १९६५ सालच्या ध्वनिमुद्रिकेवरून. १९८१ ते १९८३ या काळात त्यांनी तीन संग्रह काढले, आणि त्यांतल्या दुसऱ्यात खुद्द डॉन चेरीने वाजवले.

मग १९८८ साली ‘बफेलो स्टान्स’ हे तिचे नाचते गाणे गाजले. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या पाचांत गेले. सात महिन्यांचे पोट घेऊन ती ते गाणे टेलिव्हिजनवर गाऊन आली, तेव्हा सभ्य लोकांच्या भुवया चढल्या. माझ्या मते कसोटीचा क्षण इथून पुढचा. पैसा मिळाला, नाव झाले. आता एकाच ठिकाणी खणत बसावयास हरकत काय होती? दुकानदाराला तेच हवे असते. कलावंत कुठल्या फळीवर ठेवायचा हे एकदा ठरले की त्याने तिथून हलू नये! या शिस्तीला आपण भाबडेपणाने ‘निष्ठा’ म्हणतो.

ती हलली. २०१२ साली ‘द थिंग’ या स्वीडिश-नॉर्वेजियन त्रिकुटाबरोबर तिने ‘द चेरी थिंग’ हा संग्रह काढला. हे त्रिकूट मुळात डॉन चेरीच्या रचना वाजवण्यासाठी जमलेले, आणि त्याचे नावही त्याच्याच एका रचनेवरून घेतलेले. बाप १९९५ साली वारलेला. लेकीने त्याच्या रचना ओळीने गाऊन श्राद्ध उरकले असते, तर सर्वांनी डोळे पुसले असते. पण आठ गाण्यांत बापाचे गाणे एकच! शेजारी कोलमनची रचना, पंकचे पूर्वज समजले जाणाऱ्या ‘स्टूजेस’चे एक गाणे, आणि तिचे स्वतःचे एक. तीस वर्षांपूर्वी जे घेऊन ती निघाली होती, ते तिने वाटेत कुठेच टाकलेले नव्हते. याला चंचलपणा म्हणावयाचे असेल, तर स्थिरपणा कशाला म्हणतात ते मला शिकवा.

“तिकडचे तिकडे ठीक; आपली परंपरा वेगळी,” असे उत्तर तयार असेलच. वेगळी कशी? फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांची, तीन घराण्यांची तालीम घेणारे भास्करबुवा बखले आपलेच. १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली देणारेही तेच. आपण त्यांची पुण्यतिथी साजरी करतो, आणि घरातल्या मुलाने तबला सोडून गिटार धरली की कपाळाला हात लावतो.

प्रत्येक भटक्या कलावंत असतो, असे मी म्हणत नाही. वारा येईल तिकडे तोंड करणारे मीही पाहिले आहेत. पण त्यांना ओळखण्याची खूण बदल मोजण्यात नाही. म्हणून या दिवाळीत पोराला “आता हे कितवे खूळ?” असे विचारू नका. “मागच्यातले काय बरोबर आणलेस?” असे विचारा. उत्तर देता आले नाही, तर खुशाल कान पिळा. देता आले, तर चकलीचे ताट त्याच्यापुढे सरकवा आणि गप्प बसून ऐका.